ग्लासगोचे चहागृह

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे शहर क्लाइड नदीच्या काठी वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नदीच्या दोन्ही तीरांवर जहाजे बांधण्याचे कारखाने होते. आगगाडीची इंजिने, यंत्रे, कापड, रसायने यांचा उद्योग भरभराटीस आला होता आणि लोक ग्लासगोला ब्रिटिश साम्राज्यातील दुसरे नगर म्हणत. पहिला मान अर्थातच लंडनचा. (दुसरा मान आपलाच, असे कोलकाताही सांगत असे, ती गोष्ट निराळी.) कारखान्यांच्या धुराने इमारती काळवंडलेल्या, आकाश बहुधा ढगाळ आणि पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही, असे हे शहर होते. कामगार दिवसभर राबत आणि संध्याकाळी पुष्कळजण दारूच्या गुत्त्यात शिरत.

अशा शहरात १८७० च्या सुमारास एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बाजारात निघाली आहे असे समजा. मुलीला बूट घ्यायचे आहेत, घरासाठी कापड पाहायचे आहे. या दुकानातून त्या दुकानात जाता जाता दोन-तीन तास निघून जातात. पावसाची झिमझिम सुरू होते. मुलीला भूक लागते, आईचे पायही भरून येतात. आता घटकाभर टेकायचे कोठे? गुत्त्यात प्रतिष्ठित घरातील स्त्रीने पाऊल टाकणे शक्यच नव्हते. खाणावळी होत्या त्या कचेरीतील कारकुनांच्या आणि व्यापाऱ्यांच्या. तेथे पुरुषाच्या सोबतीवाचून आलेल्या स्त्रीकडे लोक संशयाने पाहत. स्त्रियांसाठी हातपाय धुण्याची जागा किंवा शौचालयदेखील शहरात क्वचितच आढळे. म्हणून घर दूर असले तरी मायलेकींनी भुकेल्या पोटी घराची वाट धरावी हाच एक मार्ग उरे.

ही अडचण वरवर लहान वाटते. पण ज्याला शहरात कोठेही बसण्याचा अधिकार नाही, त्याला ते शहर आपले कसे वाटेल? रस्ते सर्वांचे होते, परंतु विसावा केवळ पुरुषांचा होता.

या अडचणीवर जो उपाय निघाला तो चहाच्या कपातून निघाला. त्याआधी चहा हे चैनीचे पेय होते. तो चीनमधून येई आणि इतका महाग असे की श्रीमंतांच्या घरी चहाचा डबा कुलूप लावून ठेवीत. पुढे आसामच्या जंगलात चहाची झाडे असल्याचे इंग्रजांना समजले. तेथील सिंगफो लोकांना ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. आसामचा चहा लंडनच्या बाजारात प्रथम १८३९ साली लिलावाने विकला गेला. मळे वाढले, श्रीलंकेतही लागवड झाली, भाव उतरले आणि चहा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. याच काळात ब्रिटनमध्ये दारूबंदीची चळवळ जोर धरीत होती. दारूमुळे संसार उद्ध्वस्त होताना पाहून कळवळलेल्या माणसांना गुत्त्याच्या जागी दुसरे काही तरी हवे होते. चहा स्वस्त होता, उबदार होता आणि त्याने माणसाची शुद्ध हरपत नसे.

ग्लासगोमध्ये स्टुअर्ट क्रॅन्स्टन नावाचे चहाचे एक व्यापारी होते. गिऱ्हाइकाने चहाची चव पाहावी आणि मग पत्ती खरेदी करावी, अशी त्यांची इच्छा असे. १८७५ साली त्यांनी आपल्या दुकानात काही मेजे आणि खुर्च्या मांडल्या आणि थोड्या पैशांत चहा व त्याबरोबर पावाचे काही पदार्थ देण्यास आरंभ केला. शहरातील चहागृहांची सुरुवात अशी एका दुकानाच्या कोपऱ्यात झाली. मात्र या कल्पनेला खरे रूप दिले ते त्यांच्या बहिणीने.

केट क्रॅन्स्टन यांचा जन्म १८४९ साली झाला. त्यांचे वडील हॉटेलच्या धंद्यात होते, त्यामुळे पाहुण्यांची सरबराई कशी ठेवावी हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. १८७८ साली अर्गाइल स्ट्रीट या रस्त्यावरील एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी आपले पहिले चहागृह उघडले. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. स्त्रीने स्वतःच्या नावावर धंदा काढावा ही गोष्ट त्या काळी लोकांना विलक्षण वाटे. पुढे १८९२ साली त्यांचा विवाह जॉन कॉक्रन या कारखानदाराशी झाला, तरी धंद्याच्या पाटीवर 'मिस क्रॅन्स्टन' हेच नाव अखेरपर्यंत राहिले. त्यांचा पोशाखही जगावेगळा असे. कित्येक वर्षांपूर्वी मागे पडलेल्या पद्धतीचा घोळदार झगा घालून त्या आपल्या चहागृहातून फिरत. कोणी हसले तर हसो! कपबशी स्वच्छ आहे ना, चहा ताजा आहे ना, याकडे मात्र त्यांची नजर अतिशय करडी असे. चहा देण्यासाठी त्या मुलींना नेमीत आणि त्यांच्या वागण्याबोलण्यापासून टापटिपीपर्यंत सर्व गोष्टींवर जातीने लक्ष ठेवीत.

धंदा वाढला. एकामागून एक अशी चार चहागृहे मिस क्रॅन्स्टन यांनी उभी केली. इतर लोकांनीही त्यांचे अनुकरण केले, इतके की १९०१ साली ग्लासगोवर निघालेल्या एका पुस्तकात चहागृहांच्या बाबतीत या शहराची तुलना चक्क जपानच्या टोकियो नगराशी केलेली आढळते. या चार चहागृहांपैकी सॉखीहॉल स्ट्रीटवरील 'विलो' सर्वांत प्रसिद्ध झाले. ते १९०३ साली उघडले. विलो म्हणजे आपल्याकडे ज्याला वाळुंज म्हणतात त्याच्या कुळातील, पाण्याकाठी वाढणारे झाड. सॉखीहॉल या नावातही जुन्या स्कॉट भाषेतला याच झाडाचा शब्द दडलेला आहे. वडगाव, पिंपळगाव ही नावे जशी झाडांवरून पडली, तसेच या रस्त्याचे नाव पडले. तेथील झाडे केव्हाच नाहीशी झाली होती. ती चहागृहात पुन्हा आणावी असे एका कलावंत जोडप्याच्या मनात आले.

हे जोडपे म्हणजे चार्ल्स रेनी मॅकिंटॉश आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट मॅकडोनल्ड. मॅकिंटॉश हे वास्तुशिल्पी, तर मार्गारेट या चित्रकर्त्या. मिस क्रॅन्स्टन यांनी इमारत त्यांच्या हाती सोपविली. मग त्यांनी दर्शनी भिंतीपासून खुर्च्यांपर्यंत आणि चहा देणाऱ्या मुलींच्या पोशाखापर्यंत प्रत्येक वस्तूची आखणी स्वतः केली. विलोची लवचिक फांदी आणि निमुळते पान कोठे काचेत, कोठे धातूत, कोठे लाकडात, असे जागोजागी डोकावू लागले. धुराने काळवंडलेल्या रस्त्यावर ही पांढरीशुभ्र इमारत उठून दिसे. एवढा खटाटोप एका चहाच्या दुकानासाठी कशाला, असा प्रश्न त्या वेळीही लोकांनी विचारला. नील मन्रो या लेखकाने तर या नव्या थाटाच्या चहागृहात गेलेल्या दोन साध्यासुध्या ग्लासगोकरांची फजिती वर्णन करणारी एक विनोदी कथाच लिहिली. पण मिस क्रॅन्स्टन यांना एक गोष्ट ठाऊक होती. ज्यांना आजवर कोणी बसायला जागा दिली नव्हती, त्यांना नुसती जागा देऊन भागत नाही. ही जागा आपल्यासाठी मुद्दाम सजविली आहे, असे त्यांना वाटले पाहिजे.

मघाची ती आठ वर्षांची मुलगी आता स्वतः आई झाली आहे आणि आपल्या लेकीला घेऊन विलो चहागृहात आली आहे असे समजू या. दारातून आत येताच समोरच्या बाजूस स्त्रियांचे पांढऱ्या रंगाचे दालन लागते. त्यामागे गडद लाकडाने मढविलेले भोजनाचे दालन आणि त्याच्या वरच्या अंगास चहासाठी सज्जा आहे. सर्वांत वरच्या भागात पुरुषांसाठी बिलियर्ड खेळण्याची व धूम्रपानाची खोली आहे. जिन्याने पहिल्या मजल्यावर गेले की सर्वांत देखणे दालन दिसते. तेथे चहाला किंचित अधिक पैसे पडतात, पण मुलीचे डोळे तेथेच खिळतात. रंगीत काचा आणि आरसे जडविलेली भिंत, रस्त्याकडे झुकलेली मोठी खिडकी, पाठी खूप उंच असलेल्या रुपेरी खुर्च्या! खिडकीशी बसून खालची वर्दळ पाहताना तिच्या आईला आपल्या लहानपणीचा भिजलेला बाजार आठवला नसता तरच नवल.

चहा मागविला की पांढऱ्या पोशाखातील मुलगी तबक घेऊन येते. येथील चहाची रीत आपल्याकडच्याहून निराळी आहे. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळून तापवून घेतात. मग तीत पत्ती टाकून वर उकळते पाणी ओततात आणि झाकण लावून चार-पाच मिनिटे मुरू देतात. चहा विस्तवावर उकळीत नाहीत. आले, गवती चहा किंवा वेलदोडा घालण्याचीही चाल नाही. दूध आणि साखर वेगवेगळ्या भांड्यांत येते व ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे ती घ्यायची असते. आपल्या घरचा उकळलेला, गोड, दुधाळ चहा पिणाऱ्याला हा चहा पहिल्या घोटाला फिकाच वाटेल. लहान मुलांना तर नुसते कोमट दूधच मिळे आणि त्यात चहाचे चार थेंब पडले तरी ती स्वतःला मोठी झाल्यासारखी समजत.

चहाबरोबर येणारे पदार्थ हा मुलांच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग. पावाच्या पातळ तुकड्यांत काकडीच्या चकत्या घातलेल्या असतात. लोणी, मुरंब्यासारखा फळांचा जॅम आणि छोटे केक असतात. आणि असतो स्कॉन. मैदा, लोणी व दूध यांचा हा लहान, जाडसर गोळा पूर्वी स्कॉटलंडमध्ये चुलीवरच्या तव्यावर भाजीत, म्हणजे आपल्या भाकरीचा तो दूरचा नातेवाईकच म्हणायचा. त्याचे मधोमध दोन भाग करून त्यांवर लोणी किंवा साय आणि जॅम लावतात. आधी साय की आधी जॅम, यावर इंग्लंडमध्ये दोन परगण्यांचे भांडण अजून मिटलेले नाही. येथे आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्याकडील मोठ्या हॉटेलांत दुपारच्या थाटाच्या चहाला पुष्कळदा 'हाय टी' म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र या नावाचा अर्थ वेगळा होता. कामगार दमूनभागून घरी आला की संध्याकाळी चहासोबत जे पोटभर गरम जेवण घेई, त्याला तेथे हाय टी म्हणत.

ग्लासगोच्या चहागृहांत पैसे देण्याची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी होती. केकची बशी मेजावर भरून ठेवलेली असे. ज्याला जितके हवे तितके त्याने घ्यावे आणि निघताना किती खाल्ले ते आपण होऊन सांगावे. त्यावरून पैसे घेतले जात. कोणी मोजीत नसे, कोणी उलटतपासणी करीत नसे. आईने विचारल्यावर मुलगी बोटांवर मोजू लागते. एक जॅमचा, एक बदामाचा... आणि आई खिडकीबाहेर पाहत असताना हळूच उचललेला तिसरा! तो सांगायचा की नाही, हा प्रश्न आठ वर्षांच्या जिवाला केवढा मोठा! शाळेत सत्याचे धडे घोकणे सोपे असते. येथे समोर उभ्या असलेल्या अनोळखी मुलीने तुमचा शब्द आधीच खरा मानलेला असतो.

चहागृहात बसता येऊ लागल्याचे परिणाम पुढे दूरवर गेले. घराबाहेर पुरुषांच्या देखरेखीवाचून एकत्र जमण्यास स्त्रियांना ही एक प्रतिष्ठेची जागा मिळाली. मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटनमधील स्त्रिया आपल्या बैठकी अनेकदा चहागृहांत भरवीत. १९१८ साली तेथील काही स्त्रियांना आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना तो अधिकार मिळाला.

कोणी कोणाबरोबर कोठे बसून चहा प्यावा, हा प्रश्न त्या काळी आपल्या देशातही जळजळीत होता. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका सभेनंतर मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. ख्रिस्ती लोकांच्या घरी चहा घेतला म्हणून केवढे वादळ उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दोन-अडीच वर्षे चालला. ज्यांना समाज अस्पृश्य लेखी, त्यांच्या वाट्याला तर याहून कठोर वागणूक आली. पुष्कळ गावांत चहाच्या दुकानांत त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे आणि ती त्यांनी स्वतः धुऊन ठेवावी लागे. ग्लासगोच्या आईला जी जागा मिळण्यास एक धीट स्त्री पुरी पडली, ती येथे मिळविण्यासाठी मोठे लढे द्यावे लागले.

मिस क्रॅन्स्टन यांच्या चहागृहाचे दार तरी सर्वांना सारखे उघडे होते काय? तसे म्हणता येणार नाही. मायलेकींच्या हातात चहाचे आणि केकचे पैसे असावे लागत. जहाजाच्या कारखान्यात राबणाऱ्या मजुराच्या मुलांनी ती रुपेरी दालने बहुधा रस्त्यावरूनच पाहिली असतील. आणि चहादाणीतील ती पत्ती जेथून येई, त्या आसामच्या मळ्यांत छोटा नागपूरसारख्या दूरच्या मुलखांतून मजूर करारावर नेलेले असत. करार मोडून मळा सोडला तर त्यांना शिक्षा होई. आईच्या पाठीमागे चहाची पाने खुडणारी तेथील मुले आठ-दहा वर्षांचीच असत. चहा त्यांच्या हातून जगभर जाई, पण विलोच्या खिडकीशी बसलेल्या मुलीला त्यांची कल्पना असणे कठीणच होते.

१९१७ साली पती निवर्तल्यावर केट क्रॅन्स्टन यांचे धंद्यात मन रमेनासे झाले. त्यांनी एकेक चहागृह विकून टाकले आणि पुढे त्या काळ्या वस्त्रांतच दिसत. १९३४ साली त्यांचे निधन झाले. मृत्युपत्र उघडले तेव्हा समजले की आपल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी ग्लासगो शहरातील गोरगरिबांसाठी ठेवला आहे. मॅकिंटॉश यांची कीर्ती तर त्यांच्या हयातीतच ओसरली होती. १९२८ साली लंडनमध्ये ते वारले तेव्हा त्यांची आठवण थोड्यांनाच होती. आज मात्र वास्तुकलेचे विद्यार्थी त्यांची कामे पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतून ग्लासगोला येतात.

विलो चहागृहाची इमारत पुढे अनेक वर्षे एका मोठ्या कापडदुकानाचा भाग होऊन राहिली. इमारत जीर्ण झाली तेव्हा २०१४ साली एका विश्वस्त संस्थेने ती विकत घेतली. जुनी छायाचित्रे आणि आराखडे पाहून कारागिरांनी रंग, काचा, खुर्च्या पुन्हा तशाच घडविल्या आणि २०१८ साली चहागृह नव्याने उघडले. २०२० साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने वीस पौंडांची नवी नोट काढली, तिच्यावर केट क्रॅन्स्टन यांचे चित्र आहे. २०२४ साली ही वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आली. पहिल्या मजल्यावरील दालनात उंच पाठीच्या रुपेरी खुर्च्या पुन्हा मांडल्या आहेत. दुपारी आईचे किंवा आजीचे बोट धरून आलेली लहान मुले त्यांवर बसतात, तेव्हा त्यांचे पाय काही जमिनीला टेकत नाहीत.